जिवंत विरजण

राजहंस कॉलनीत हेमांगी इंगवले यांना तोंडावर 'बाई' म्हणत आणि त्यांची पाठ फिरली की 'लालबाई'. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती आणि खरं सांगायचं तर दोन्ही आवडत होती. उभी हयात कोल्हापुरातल्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर शिकवायला कुणी हाती लागेना, तेव्हा त्यांनी कॉलनीचा लाल डबा ताब्यात घेतला.

लाल डबा म्हणजे घरातल्या घातक कचऱ्याचा डबा. ओला आणि सुका कचरा वेगळा करायला लोक केव्हाच शिकले होते. पण संपलेले सेल, फुटक्या ट्यूबलाइट, मुदत उलटलेली औषधं, झुरळांचे फवारे, थिनरच्या डब्यात तळाला उरलेला घोट, हे सगळं 'एवढ्याशानं काय होतंय' म्हणत मोरीत नाहीतर मागच्या ओढ्यात जायचं. बाईंनी ते बंद पाडलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी लाल गाडी येऊन तो डबा कचरा जाळायच्या भट्टीकडे न्यायची आणि त्या दिवशी बाई फाटकाशी पहाऱ्याला उभ्या असत. एकदा कुणीतरी संडास धुण्याचं ॲसिड कोकम सरबताच्या बाटलीतून आणलं, तर बाईंनी सगळ्यांदेखत त्याची अशी हजामत केली की तो बिचारा पुढचे दोन महिने मागच्या फाटकातून ये-जा करत होता. "बाटली चांगली आहे, टाकवत नाही, म्हणून तिच्यात विष भरून ठेवता? उद्या पाहुणा आला म्हणजे?"

त्याच बाईंच्या फ्रीजमध्ये, वरच्या कप्प्यात मागे, लाल पट्टी लावलेली काचेची एक बरणी होती. ती लाल डब्यात जायला हवी होती. केव्हाच.

बरणी त्यांच्या यजमानांची, श्रीरंगरावांची. त्यांना कंपवात होता. या आजारात मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशी हळूहळू मरत जातात. त्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. ते कमी पडलं की हात थरथरतात, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, चेहऱ्यावरचं हसू गोठतं. पूर्वी यावर डोपामिन वाढवणाऱ्या गोळ्या असत. गोळी चढली की माणूस बरा, उतरली की पुन्हा लाकूड. मग संशोधकांनी एक युक्ती काढली. त्यांनी दह्यातल्या जिवाणूंमध्ये एक नवं जनुक बसवलं, आणि गोळीत असायचं तेच औषध हे जिवाणू आतड्यात बसून दिवसभर, थोडं थोडं बनवू लागले. रोग्यानं करायचं एवढंच, की त्या बरणीतलं विरजण रोज दुधाला लावायचं आणि वाटीभर दही खायचं. श्रीरंगरावांचा हात या दह्यानं पुष्कळ सुधारला, पण चहाचा कप काही शेवटपर्यंत धरता आला नाही.

जिवंत औषध मोकाट सुटू नये म्हणून त्याला कुलूपही घातलेलं होतं. त्या जिवाणूंना जगायला एक असा पदार्थ लागे, जो निसर्गात कुठंच मिळत नाही. तो पुड्यांमधून येई. दुधात पुडी पडली नाही की जिवाणू मरत. उपचार थांबवायचे असले तर एक मिटवणी गोळी होती, ती पोटातली वस्ती साफ करी. आणि रोगी गेला, तर बरणी न धुता, झाकण घट्ट लावून लाल डब्यात टाकायची, मोरीत मुळीच ओतायची नाही, असा नियम होता. कारण हे दही निरोगी माणसाच्या पोटात गेलं तर डोपामिन गरजेपेक्षा जास्त होतं, आणि मग मेंदूला नसलेली माणसं दिसू लागतात. बहुतेक वेळा तीच, ज्यांची तो वाट पाहत असतो.

हे सगळं बाईंनी स्वतःच कॉलनीच्या सभेत फळ्यावर आकृत्या काढून समजावलेलं होतं.

श्रीरंगराव गेले. दिवसकार्य झालं, मुलगी दुबईला परत गेली. त्यानंतर एका सकाळी बाईंनी फ्रीज उघडला तर समोर बरणी. पुडी टाकायची वेळ झाली होती आणि हातांनी सवयीनं ती टाकलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी दही लागलं, सुरीनं कापावं असं घट्ट. आता या घरात शिळ्या पोळीचा तुकडा कधी वाया गेला नव्हता, तिथं असं दही कोण टाकणार? बाईंनी ते भातावर घेतलं.

हे कारण त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं कारण आपण सांगू. बरणीत जे जगत होतं, ते त्यांच्या नवऱ्याच्या पोटात वर्षानुवर्षं राहिलेलं होतं. त्या माणसाचं तेवढंच आता जिवंत उरलं होतं.

आठवड्याभरानं, दिवेलागणीला, श्रीरंगराव गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसलेले दिसले. अंगात निळा हाफ शर्ट, पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर, जसे नेहमी असत तसे. हात मात्र स्थिर होते. आजारापूर्वी होते तसे.

बाई घाबरल्या नाहीत. "अतिरिक्त डोपामिन," त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि आत जाऊन दोन कप चहा टाकला.

मग तो रोजचाच कार्यक्रम झाला. बाई बोलायच्या, ते ऐकायचे. मधेच हसायचे. बशीत ओतलेला चहा एक थेंब न सांडता ओठांपर्यंत न्यायचे, आणि ते बघायलाच बाई दिवसभर जीव धरून असायच्या. नंतर बशी उचलताना चहा तसाच असायचा, साय धरलेला. तो बाई कुंडीतल्या झाडाला घालत. वाया नाही घालवत.

एक दिवस पुड्या संपल्या. नव्या मागवायच्या तर रोगी जिवंत हवा. दोन दिवसांत हे दही मरणार हे बाईंना शिकलेल्या माणसासारखं कळत होतं आणि तेच त्यांना सोसवत नव्हतं. शेवटी त्यांनी बरणीतलं चमचाभर दही घरच्या विरजणाच्या स्टीलच्या डब्यात ढवळलं. हे घरचं विरजण त्यांच्या सासूबाईंनी गडहिंग्लजहून येताना आणलेलं. तेव्हापासून ते एक दिवस तुटलं नव्हतं आणि अर्ध्या कॉलनीचं दही त्याच्यावर लागत आलं होतं. त्यात मिसळलं तर निदान काहीतरी राहील, एवढाच तो वेडा विचार.

दोन दिवस गेले, मग चार, मग आठवडा. पुडी नव्हती, तरी श्रीरंगराव येतच राहिले.

याचा अर्थ बाईंना त्याच संध्याकाळी कळला. जिवाणू एकमेकांशी जनुकांची देवघेव करतात, शेजारणी विरजणाची करतात तशी. औषधाचं जनुक कुलूप ओलांडून घरच्या साध्या जिवाणूंमध्ये जाऊन बसलं होतं, आणि त्यांना जगायला कसलीच पुडी लागत नव्हती. दूध मिळालं की पुरे. ही गोष्ट त्याच क्षणी आरोग्य विभागाला कळवायला हवी होती. बाईंनी फोन हातात घेतलाही. मग गॅलरीकडे पाहिलं आणि फोन खाली ठेवला.

महिनाभर असाच गेला. मग एका दुपारी खालच्या मजल्यावरची गार्गी शेटे वर आली. गार्गीकडे बाईंच्या घराची एक किल्ली असायची. बाईंना बरं नसलं की भाजी आणून देणं, दूध आत ठेवणं, हे ती न सांगता करी. आज तिचा चेहरा उतरलेला होता.

"काकू, जरा बसू काय?"

"बस की. काय झालं?"

"इंद्रानं काल बायपासला एकदम ब्रेक दाबला. मागं शाळेची पोरं होती. एकाचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं. टाके पडलेत."

इंद्रजित, तिचा नवरा, शाळेच्या बसवर होता. बस आता स्वतःच चालत. चालकाचं काम एकच, गाडीला न कळलेला धोका दिसला तर ब्रेक दाबायचा. इंद्रजितला धोका दिसला होता.

"रस्त्यावर कुणी नव्हतं, काकू. कॅमेऱ्यात बघितलं सगळ्यांनी. हा म्हणतोय, तात्या आडवे आले."

तात्या म्हणजे इंद्रजितचे वडील. ते वारले तेव्हा बापलेकांत वर्षभराचा अबोला होता. कशावरून, ते आता कुणालाच धड सांगता येत नव्हतं.

"पवार मावशींना पण जिन्यात त्यांची बहीण दिसती म्हणे," गार्गी पुढं म्हणाली. "त्या म्हणतात, कॉलनीला काहीतरी लागलंय. कुणाला तरी बोलावून बघूया म्हणतात. तुम्ही हसाल मला."

बाई हसल्या नाहीत.

"गार्गी, दही कुठलं खाता तुम्ही?"

"दही? तुमच्याच विरजणाचं की. मागं तुम्ही डोळे तपासायला गेला होता, तेव्हा आमचं आंबट झालं म्हणून चमचाभर नेलं. तुम्हाला सांगायचंच राहिलं बघा." बाईंचा चेहरा पाहून ती घाईघाईनं म्हणाली, "काकू, त्या लाल पट्टीच्या बरणीला हात नाही लावला हं. तुम्हीच शिकवलंय. स्टीलच्या डब्यातलं घेतलं."

"आणि पुढं कुणाला दिलंस?"

"पवार मावशींना. त्यांनी त्या कोपऱ्यावरच्या कुलकर्ण्यांना दिलं असंल. विरजणच ते, काकू. मागितलं की द्यायचं."

बाईंनी तिला तेवढंच सांगितलं, की आज दही खाऊ नका आणि इंद्राला गाडीवर जाऊ देऊ नकोस. का ते उद्या सांगते. 'उद्या' या शब्दाची त्यांची त्यांनाच लाज वाटली. एका पोराचं डोकं फुटलं होतं आणि त्यांना अजून एक संध्याकाळ हवी होती.

ती संध्याकाळ त्यांनी घेतली. दोन कप चहा ठेवला. श्रीरंगराव आले, बसले, बशी उचलली. बाईंनी त्यांना इंद्रजितचं सांगितलं, त्या पोराच्या टाक्यांचं सांगितलं. ते ऐकत होते. मान हलवत होते, बाईंना हवी होती तशीच.

मग बाईंनी एक गोष्ट विचारली, जी त्या इतके महिने टाळत आल्या होत्या.

"अहो, दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगत होता. मी कान अगदी तोंडाशी नेला, पण मला कळलंच नाही. काय म्हणत होता?"

श्रीरंगराव हसले. चहाचा घोट घेतला.

"सांगा की."

ते पुन्हा हसले. तेच हसू, तितकंच. बाई वाट पाहत राहिल्या, बाहेर दिवे लागले, आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस ते सांगू शकणार नाही. कारण ते बाईंना माहीत नव्हतं. इतक्या संध्याकाळींत त्यानं बाईंना ठाऊक नसलेलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. समोर बसून चहा पीत होतं ते त्यांचंच मन होतं, निळा शर्ट घालून.

बाईंना रडू कोसळलं. नवरा गेला त्या दिवशी आलं नव्हतं एवढं. रडून झाल्यावर त्यांनी उठून फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सभागृहात सगळी कॉलनी जमली. आरोग्य विभागाची दोन माणसं मिटवणी गोळ्यांची खोकी घेऊन आली होती. बाई फळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. आकृती काढली नाही.

मागून सरबताच्या बाटलीवाला उठला. "आम्हाला सगळ्यांदेखत बोलत होता, बाई! पाहुणा आला म्हणजे, म्हणून विचारत होता!"

"हो," बाई म्हणाल्या. "बरोबर बोलताय तुम्ही."

तो बसला. बराच गलका झाला, कुणी पोलिसांचं नाव काढलं, कुणी बाईंना जपा म्हणालं. तेवढ्यात पवार मावशी पुढं आल्या. त्यांनी बाईंचा हात धरला आणि हळूच विचारलं, "म्हणजे आता माझी बहीण यायची नाही?"

बाईंनी पाहिलं, अनेकांच्या माना खाली गेल्या होत्या. घरोघरी कोण कोण येऊन बसत होतं, कोणास ठाऊक.

लाल गाडी त्या आठवड्यात वेळेआधीच आली. घराघरांतून दह्याचे डबे आले, न धुतलेले, झाकणं घट्ट लावलेले. बाईंनी आपली बरणी गाडीत ठेवली आणि तिच्याशेजारी सासूबाईंचं विरजण, स्टीलच्या डब्यासकट. "सगळं दिलं ना?" त्या प्रत्येकाला विचारत होत्या, आणि प्रत्येक जण "दिलं" म्हणत होता.

मिटवणी गोळी घेतल्यावरही श्रीरंगराव काही संध्याकाळी आले. रोज थोडे फिकट. त्यांचे हात थरथरायला लागले. चहा बशीतून सांडू लागला, शर्टावर ओघळू लागला. बाई नजर न काढता बघत राहिल्या. एकदा त्यांनी पुसायला हात पुढं केला तो वेताला लागला. त्यानंतर खुर्ची रिकामीच राहिली. बाईंनी ती उचलून माळ्यावर टाकली.

पुढं सगळं सुरळीत झाल्यासारखं वाटलं. इंद्रजितच्या तपासण्या झाल्या. दही बंद असेल तर सोमवारपासून बसवर जायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. रविवारी संध्याकाळी बाई कॉलनीत एक चक्कर मारायला खाली उतरल्या. दिवेलागण होत होती. त्यांनी सहज वर पाहिलं.

पवार मावशींच्या गॅलरीत एक खुर्ची होती, रिकामी, बाहेर तोंड करून. कोपऱ्यावरच्या कुलकर्ण्यांकडे एक. तिकडं पलीकडच्या इमारतीत, जिथं कुणाला विरजण गेल्याचं बाईंना ठाऊकही नव्हतं, तिथंही एक होती, आणि तिच्यावर कुणीतरी उशी ठेवली होती.

बाईंनी घरी जाऊन घातक कचऱ्याची लाल पिशवी घेतली आणि सगळ्यात आधी गार्गीचं दार वाजवलं. सकाळी त्याच घरातून एक माणूस पोरांच्या बसवर जाणार होता.

दार इंद्रजितनं उघडलं. पिशवी पाहून तो म्हणाला, "दिलं की सगळं, काकू. डबासुद्धा दिला. तुमच्यासमोर."

"मीही असंच म्हणाले असते," बाई म्हणाल्या आणि त्याला ओलांडून गॅलरीत गेल्या. मागोमाग गार्गी आली. तात्यांची लाकडी आरामखुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवली होती. शेजारी स्टुलावर कपभर चहा, साय धरलेला. गार्गीनं तो पाहिला आणि नवऱ्याकडे पाहिलं. तिला काहीच माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं.

बाई खुर्चीत बसू लागल्या.

"तिथं नका!" इंद्रजित ओरडला. "काकू, तिथं नका बसू, तिथं—"

बाई बसल्या. नीट मागे टेकून बसल्या.

इंद्रजितनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढा मोठा गडी, पण हुंदके आवरेनात. "बोलत नाहीत हो माझ्याशी. रोज येतात, बसतात, माझ्याकडं बघत पण नाहीत. एकदा बोलू दे फक्त. एकदा बोलले की मी देतो. आईशप्पथ देतो."

"नाही बोलणार रे," बाई म्हणाल्या. "मीही विचारून बघितलंय. तुला माहीत नाही ते त्यांना सांगता येत नाही. तू माफी मागशील, आणि माफ केलं म्हणायचं तेसुद्धा तुलाच म्हणावं लागेल."

गार्गी भिंतीला टेकून खाली बसली. बाईंनी लाल पिशवी उघडून धरली आणि धरूनच ठेवली. हात दुखायला लागला तरी धरली. शेवटी इंद्रजित आत गेला. फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ ते बंद झाल्याचा आला नाही. मग तो लोणच्याची छोटी बरणी घेऊन आला, पांढऱ्या दह्यानं गळ्यापर्यंत भरलेली, आणि त्यानं ती पिशवीत ठेवली.

"गोळी घे आत्ता, माझ्यासमोर. आणि उद्या गाडीवर जायचं नाही. शाळेला मी कळवते."

त्यानं गोळी घेतली. बाई खुर्चीतून उठल्या. इंद्रजित त्यांच्याकडे बघत नव्हता, रिकाम्या झालेल्या खुर्चीकडे बघत होता.

"तात्या," तो म्हणाला, "चहा गार झाला."

बाईंनी स्टुलावरचा कप उचलला. आत जाऊन तो ओतून टाकला, पातेलं चढवलं, नवा चहा केला आणि एकच कप भरून बाहेर आणला. तो त्यांनी इंद्रजितच्या हातात दिला, आणि तो पिऊन होईपर्यंत त्याच्याजवळ उभ्या राहिल्या.